भुलनवेल आणि अबोला

शेडमध्ये शिरायचं तर घर बाहेर ठेवून शिरायचं, हा तिथला पहिला नियम. चपला दाराशी काढाव्यात तसं. नवऱ्याशी सकाळी झालेली कुरबुर, पोरीचा ताप, माहेरची आठवण, सगळं उंबऱ्याबाहेर. आत वेलींना हात लावताना डोक्यात काहीतरी बिनमोलाचं घोळवत राहायचं. कुणी भाज्यांची नावं घ्यायचं, कुणी पाढे म्हणायचं. शबाना मुलाणी एकोणतीसचा पाढा म्हणायची आणि दर वेळी सत्त्यावर येऊन अडखळायची.

"शबानाताई, हा पाढा गेला तरी तुमचं काही बिघडत नाही," ऋतुजा तिला म्हणायची. "तो तुम्हाला मुळात येतच नाही."

दुसरा नियम चुन्याचा. फाटकावरचा रखवालदार येणाऱ्याजाणाऱ्याच्या तंबाखूला हात लावायचा नाही, पण चुन्याची डबी मात्र काढून घ्यायचा. राख, सोडा, साबण, काही आत न्यायचं नाही. हात धुवायचे ते लिंबाच्या सत्त्वाच्या आंबट पाण्यानं. नव्या बायका हसायच्या. मंगल कदमचं काय झालं ते ऐकलं की हसू आपोआप थांबायचं.

रानात भुलनवेल ओलांडली की माणूस वाट विसरतो, असं मावळातली जुनी माणसं सांगत. ही वेल तीच, पण तिच्या पेशींत शास्त्रज्ञांनी बरीच उलथापालथ केली होती. आपल्याला वाटतं आठवण म्हणजे दगडावरचा शिलालेख, एकदा कोरला की संपलं. तसं नसतं. आठवण ही लोणच्याच्या बरणीसारखी असते. आठवायला गेलं की बरणी उघडते, आणि झाल्यावर मेंदूला तिच्या तोंडाला पुन्हा फडकं बांधावं लागतं. भुलनवेलीतलं द्रव्य नेमकं ते फडकं बांधू देत नाही. मग त्या आठवणीतला खार उडून जातो. काय घडलं ते माणसाला ठाऊक असतं, पण पेपरात वाचल्यासारखं. महापुरातून वाचलेली, जळत्या गाडीतून निघालेली माणसं शहरातल्या दवाखान्यात या वेलीचा काढा चमचाभर घ्यायची, डॉक्टरांपुढे तो दिवस एकदा बोलून दाखवायची, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपायची. लोक त्याला जादू म्हणायचे. ऋतुजाला त्यात जादू दिसत नव्हती, पण झोपलेली माणसं दिसत होती आणि तिला तेवढं पुरत होतं.

आता चुन्याचं. तंबाखूला चुना का चोळतात? तंबाखूतलं द्रव्य आंबटपणात बांधलेलं असतं, चुना ते सोडवतो, म्हणून ते झटकन चढतं. भुलनवेलीचा चीकही तसाच आंबट. तो तसाच असेल तोवर हाताला लागला तरी धुऊन टाकायचा. पण त्याला चुना लागला की आतलं द्रव्य मोकळं होऊन हवेत उडतं, आणि हवा कुणाला नाही म्हणत नाही. एकदा साबणाचा फेस असलेल्या बादलीत चीक सांडला. तेव्हा मंगल कदमच्या मनात माहेरचं अंगण होतं. मंगल आजही सणाला माहेरी जाते. बँकेत जावं तशी जाते, काम करते आणि परत येते.

म्हणजे शेडमध्ये भीती विषाची नव्हती. भीती होती ती त्या घटकेला तुमच्या मनात कोण आहे याची.

ऋतुजा शेलार या शेडची प्रमुख होती, आणि शेड उभी होती तिच्याच वडिलांच्या रानात. पूर्वी तिथं गुलाब होते. दत्तोबा शेलारांचे गुलाब म्हणजे मावळात नाव होतं. तीन वर्षांपूर्वी दत्तोबांच्या, म्हणजे तिच्या आप्पांच्या, छातीचं ऑपरेशन झालं, ते महिनाभर दवाखान्यात होते. त्याच महिन्यात ऋतुजानं भुलनवेलीचं औषध करणाऱ्या कंपनीशी करार केला आणि गुलाब उपटून टाकले. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून तिनं विचारलंच नाही. आप्पा घरी आले, त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आत ती परकी वेल चढलेली पाहिली, आणि त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं.

अबोला धरावा तर आप्पांनी. ती समोर उभी असताना ते रखवालदाराला सांगायचे, "त्या बाईंना म्हणावं, मोटर चालू राहिलीय." रखवालदार नसला तर दारातल्या शेळीला सांगायचे. सुरुवातीला ऋतुजाला हसू यायचं. मग राग यायला लागला. आता तिला फक्त एकच गोष्ट हवी होती: आप्पांनी एकदा, काहीही, तिच्याकडे बघून बोलावं. शिवी दिली तरी चालली असती.

या अबोल्यातूनच पुढचं सगळं घडलं. चुन्याचा नियम आप्पांना कुणी सांगितलाच नव्हता. ऋतुजाला वाटलं, रखवालदारानं सांगितलं असेल. रखवालदाराला वाटलं, लेकीनं सांगितलं असेल. फाटकावर भला मोठा फलक होता, पण कंपनीचा फलक वाचायचा नाही, हा आप्पांचा बाणा होता.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी वीज गेली. छतावरची सावलीची जाळी अर्ध्यात अडकली. रुळांवरून फिरणारं कापणीचं यंत्र जागच्या जागी थांबलं, आणि नुकत्याच कापलेल्या वेली चीक गाळत ट्रेमध्ये पडून राहिल्या. बायका झाडाखाली डबे उघडून बसल्या होत्या. ऋतुजा फोनवर वीजवाल्यांशी भांडत होती.

पलीकडे आप्पा आपल्या ओट्यावरून प्लास्टिकच्या आत माना टाकणाऱ्या वेली बघत होते. परकी असली म्हणून काय झालं, वेल ती वेल. ऊन तापलं की पॉलीहाऊसच्या छतावर चुन्याचं पाणी मारायचं, प्लास्टिक पांढरं होतं, आत थंडावा राहतो. गुलाबाच्या दिवसांत त्यांनी दर वर्षी हेच केलं होतं. त्यांनी बादलीत चुना कालवला, पंप पाठीवर टाकला आणि शिडीनं वर चढले. कुणाला विचारायचं? बोलणं कुठं होतं?

ऋतुजानं मान वर केली तेव्हा निम्मं छत पांढरं झालं होतं.

"आप्पा!" ती ओरडली. छतावर कुणी नव्हतं. शिडी रिकामी होती. दाराशेजारचा कडेचा पडदा मात्र वर गुंडाळलेला होता.

मधल्या हवेच्या फटीतून चुन्याचं पाणी आत गळलं होतं. आप्पांनी वरून ते बघितलं असणार. पानावर चुना पडला की पान करपतं, हे गुलाब लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. पानं पुसायला ते खाली उतरून सरळ आत शिरले होते.

दाराशी हवा तपासणारी पट्टी लावलेली असायची. ती एरवी पिवळी असते. आता ती जांभळी झाली होती.

"शबानाताई, आंबट पाण्याचे पंप!" ऋतुजानं मास्क तोंडावर ओढला. "फवाऱ्याची मोटर बंद आहे. हातपंपानं बाहेरून मारा, जिथून जमेल तिथून. आणि कुणी आत यायचं नाही."

"तुम्ही जाऊ नका, मॅडम. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते की."

"ती येईपर्यंत आप्पांच्या डोक्यात काही शिल्लक राहायचं नाही."

दुसरा मास्क हातात घेऊन ती आत शिरली. एकोणतीस एके एकोणतीस. आत उकडत होतं. छताच्या पांढरेपणातून दुधासारखा उजेड खाली येत होता आणि वेलींवरून चुन्याचे थेंब टपटपत होते. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. शेडच्या पार टोकाला, ट्रेच्या शेजारी, आप्पा खांद्यावरच्या टॉवेलनं एकेक पान पुसत उभे होते.

आप्पांचं बोलणं ऐकलं आणि तिचा पाढा तुटला.

"सुलू, त्या कडेची तू धू. मी ही बघतो. अगं, हळू, देठ मोडेल."

सुलू म्हणजे ऋतुजाची आई, सुलोचना. ती जाऊन सात वर्षं झाली होती. याच टोकाला तिनं लावलेली गुलाबाची ओळ होती. आप्पा पानं पुसता पुसता तिच्याशी बोलत होते, म्हणजे श्वासाश्वासाला तिची बरणी उघडत होते.

"आप्पा, बाहेर चला!" तिनं त्यांच्या तोंडाला मास्क लावायचा प्रयत्न केला. त्यांनी तो फटकारून लांब उडवला.

"कोण तुम्ही? हात नका लावू. मी बायकोशी बोलतोय."

तिनं दंड धरून ओढलं. आप्पा आडदांड माणूस, जागचे हलले नाहीत. छातीत टाके पडलेल्या माणसाशी झोंबाझोंबी तरी किती करायची? "आप्पा, पाढे म्हणा. बे एके बे. म्हणा ना!"

ते तिच्याकडे बघेनात. पुन्हा पानाकडे वळले. "सुलूनं ही... म्हणजे ती... कोण हो ती, या ओळीचं बघायची ती?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही दुःख नव्हतं. नाव आठवत नसलेल्या शेजारणीबद्दल विचारावं, तसं त्यांनी विचारलं. सात वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी आईच्या फोटोपुढे बसून दिवसभराची हकीकत सांगत आला होता. आणखी थोडा वेळ गेला की त्याला सांगायला कुणी उरणार नव्हतं.

त्यांच्या मनातून आईला बाहेर काढायचं, तर तिथं दुसरं कुणीतरी घुसायला हवं होतं. आईपेक्षा मोठा आवाज असलेलं कुणीतरी. असं एकच माणूस होतं, आणि एकच गोष्ट होती. तिनं श्वास रोखला, मास्क कपाळावर सरकवला, आपलं तोंड त्यांच्या तोंडासमोर धरलं, आणि मग मास्क परत ओढून घेतला.

"मी ऋतुजा! तुमचे गुलाब मी उपटले, आप्पा!"

टॉवेल पानावरच थांबला.

"तुम्ही दवाखान्यात पडला होता तेव्हा. तुम्हाला न विचारता. ट्रॅक्टर मी बोलावला!"

आप्पा वळले. तीन वर्षं शेळीला सांगितलेलं सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांत आलं. "तू!" ते म्हणाले, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "लाज न्हाई वाटली? बाप मरणाच्या दारात आन् तू..."

"नाही वाटली!" ती दाराच्या दिशेनं मागे मागे सरकू लागली. "या, मारा मला. या ना!"

ते आले. तरातरा आले. वेली बाजूला सारत, बोट रोखत, शिव्या देत आले. बाहेरून शबानाच्या पंपाचं आंबट पाणी प्लास्टिकवर सडसडत होतं.

"अगं, माझ्या सुलूनं त्या ओळीला..."

"आईचं नाव काढायचं नाही!" ऋतुजा किंचाळली. "आईचा काय संबंध? मी उपटले, माझ्याशी बोला!"

"तुझ्याशी? तुझ्याशी काय बोलायचं? तू म्हंजी..." त्यांचा आवाज खाली आला. पावलं मंदावली. "तू म्हंजी... काय चाललं होतं आपलं?"

भांडण संपलं होतं. तीन वर्षं जपलेलं, रोज नव्यानं परजलेलं भांडण निम्म्या शेडमध्येच विरून गेलं, आणि दार अजून लांब होतं. आप्पांची मान हळूहळू मागे, त्या टोकाकडे वळू लागली.

ऋतुजानं हाताला लागेल ते फेकायला सुरुवात केली. ठरवलेलं स्थळ तिनं मोडलं होतं ते. त्यांची मोटरसायकल न सांगता पुण्याला नेली होती ती. प्रत्येक वेळी आप्पा चिडून चार पावलं यायचे आणि थांबायचे. एकेक भांडण काडीसारखं पेटायचं आणि विझायचं. मग भांडणंही संपली. दार समोर दिसत होतं, पट्टी अजून जांभळी होती, आणि आप्पा मख्ख उभे होते.

आता तिच्याजवळ एकच उरलं होतं. ते काढायचं नाही, असं तिनं आत शिरतानाच ठरवलं होतं. ती पाच वर्षांची असताना खालच्या विहिरीत पडली होती. अंगातल्या कपड्यांनिशी आप्पांनी उडी मारली होती. पुढे कितीतरी वर्षं ती झोपली का बघायला ते रात्री उठायचे. अबोल्याच्या तीन वर्षांतही, ती उशिरा शेजारच्या आपल्या घरी आली की आप्पांच्या ओट्यावरचा दिवा ती आत जाईपर्यंत जळत असायचा. तो त्याच उडीतून जळत होता, हे तिला ठाऊक होतं.

"आप्पा," ती रडत म्हणाली, "पोरगी विहिरीत पडली!"

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "ऋतू!" ते ओरडले आणि धावत सुटले. तिला ढकलून, दाराचा पडदा फाडून, उघड्या उन्हात. तिथं ते दोन्ही हात पुढे करून खाली बघत उभे राहिले. शबानानं त्यांच्या डोक्यावर आंबट पाण्याची बादली ओतली.

थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतले आणि विचारलं, "पाणी का हो ओतलंत?"

कंपनीच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आप्पा सुखरूप होते. सुलोचनाबाई थोडक्यात वाचल्या होत्या. आठवण जराशी फिकटली होती, पण खार शाबूत होता. लेकीचं मात्र कठीण होतं.

"तुम्ही त्यांची मुलगी आहात हे त्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण जिल्ह्याचं नाव माहीत असावं तसं. गेलेलं परत येत नाही. मात्र जे अजून शाबूत आहे, त्याला धरून नवं उगवू शकतं."

"आणि नाही उगवलं तर?"

"तर ते तुमच्याशी फार चांगलं वागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तसंच झालं. ऋतुजा आठवड्यानं त्यांच्या घरी गेली, तर आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. "या. बसा. ऊन फार आहे." स्वतः पाण्याचा तांब्या आणला. शेळी दारात रवंथ करत होती, तिला काही सांगायची गरज उरली नव्हती. वेल कशी आहे, बायकांना काही झालं नाही ना, हे त्यांनी आपुलकीनं विचारलं. गुलाबांचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "तुम्ही केलं ते विचार करूनच केलं असेल." एवढंच. राग नाही, टोमणा नाही. तीन वर्षं ती त्यांच्या एका वाक्यासाठी तळमळत होती, आणि आता ते कानावर पडलं तेव्हा तिला हुंदका आवरेना.

"बरं वाटत न्हाई का?" आप्पांनी काळजीनं विचारलं. "माझी मंडळी असती तर तुम्हाला आल्याचा चहा दिला असता. तिच्या हाताला चव होती." एवढं म्हणून ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

ऋतुजा त्या डोळ्यांकडे बघत राहिली. उठून जाणं सोपं होतं. माफी मिळाली होती, घरात गोडीगुलाबी होती, गावात कुणी बोट दाखवणार नव्हतं. असं सभ्य म्हातारपण बापाला द्यायला किती लेकींना जमतं? पण तिला हा सभ्य म्हातारा नको होता. तिला तिचा बाप हवा होता.

शेडमध्ये तिनं आईचं नाव काढू दिलं नव्हतं. इथली हवा स्वच्छ होती.

"सुलोचनाबाईंनी शेवटच्या टोकाला एक ओळ लावली होती ना?" तिनं विचारलं.

"हो तर!" आप्पांचा चेहरा उजळला. "लाल गुलाब. आजारी होती तरी बसून खुरपायची. शेवटची ओळ तिची."

"कंपनीवाले म्हणाले होते, ती ओळ राहू द्या, आम्हाला अडचण नाही." ऋतुजा थांबली नाही. "मी म्हटलं, नको. वेडंवाकडं दिसेल. ती ओळ ट्रॅक्टरनंही नाही काढली, आप्पा. मी माझ्या हातानं उपटली. मुळांसकट. आणि बांधावर नेऊन जाळली."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. मानेपासून लाली वर चढत गेली, ओठ थरथरू लागले, आणि कपाळावरची शीर टरारून फुगली. ऋतुजानं खुर्चीचे हात घट्ट धरले. छातीला त्रास होईल या भीतीनं तिचा जीव अर्धा झाला होता, पण शब्द सुटून गेले होते.

"सुलूची ओळ?" ते उठले. "माझ्या सुलूची? चालती हो! ऊठ आधी तिथनं, चालती हो माझ्या घरातनं!"

"नाही जाणार."

"न्हाई जाणार? वर तोंड करून सांगतीस?" त्यांचा आवाज एवढा चढला की शेळी दावं ताणून मागे सरली. "आईची ओळ जाळलीस! आगं, लेक हायस का वैरीण? आपल्या बापाशी असं वागतं का कुणी?"

ऋतुजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"बोला, आप्पा," ती म्हणाली. "आणखी बोला."

आणि आप्पा बोलत राहिले.